किल्लारीहून सीनाकाठी : येळवशीचे चार दिवस

लातूरच्या मैत्रिणीचा दर डिसेंबरात फोन येतो, “येळवशीला येतीस का?” येळवस म्हणजे त्यांच्याकडची मार्गशीर्ष अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. मी दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणते. या वेळी ती थांबली नाही. “शुक्रवारी शेतात जेवायचं, आन् रविवारी आईसंगं सीनाकाठी जायचं, पुराच्या गावाला. आईच म्हणली, पुण्याच्या पोरीला इचार.” २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराचं, धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याकडचं पाणी टीव्हीवर पाहिल्यापासून माझ्या मनात घालमेल होतीच. रजा टाकली.

मैत्रिणीचं गाव लोहारा तालुक्यात आहे. १९९३ च्या भूकंपात सगळं पडलं आणि दुसरीकडे नव्यानं वसलं. गावाचं नाव लिहीत नाही. मैत्रिणीच्या आईनं, म्हणजे काकूंनी, निघताना बजावलं होतं, “नाव टाकू नको बाई. पाच-सहा गावच्या बाया आहोत आमी. एकाचं टाकलं की बाकीच्यांचं राहतंय.”

पहिला दिवस, गुरुवार : लातूर, औसा, किल्लारी

रात्रीच्या मुंबई-लातूर गाडीनं सकाळी लातूरला उतरले. थंडी चांगलीच होती. स्टेशनबाहेर निलंगा राईस खाल्ला. पिवळा, तिखट, वाफाळता भात, कागदाच्या प्लेटमध्ये. सकाळी सकाळी भात कसा जाईल असं वाटत होतं, पण दुसरी प्लेट घेतली.

औशावरून किल्लारीची एसटी मिळते. लामजना मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. तूर शेंगेत होती. ज्वारी मात्र या दिवसांत असायला हवी तेवढी उंच नव्हती. यंदा पावसानं उघडीपच दिली नाही, पेरण्या लांबल्या. काही बांधांवर सोयाबीनच्या गंजी काळ्या पडून तशाच होत्या. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझी नजर पाहिली आणि म्हणाले, “ते आता जनावर बी खाईना.”

किल्लारीत नीलकंठेश्वराचं दर्शन घेऊन जुन्या गावाच्या जागेकडे गेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. धक्का ६.२ तीव्रतेचा होता आणि जमिनीखाली फार खोलही नव्हता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ १० हजार माणसं गेली. हे आकडे शाळेपासून पाठ आहेत. इथं स्मृतिस्तंभाजवळ उभं राहिल्यावर मात्र आकड्यांपेक्षा शांतता जास्त जाणवते. आता तिथं झाडोरा आहे, पाखरं आहेत.

उस्मानाबादी शेळ्या घेऊन एक आजोबा आले. काळ्या, लांब कानाच्या शेळ्या. आजोबा स्वतःहूनच बोलायला लागले. जुन्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड, दगडमातीच्या. वर माळवद, आणि माळवदावर मातीचा थर. “आमचा बा दर साली पावसाच्या आधी वर पांढरी माती टाकायचा. गळू नये म्हनून. मी बी टाकली. तीच समदी खाली आली.” एवढं बोलून त्यांनी शेळीला हाक मारली आणि पुढे गेले. मी बराच वेळ तिथंच बसून राहिले.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. ३० सप्टेंबरला इथं श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. इतर दिवशी जाल तेव्हाही ही जागा ‘पॉइंट’ म्हणून बघू नका. गावातल्या कुणाला सोबत घ्या आणि फोटोआधी विचारा. इथं ज्यांच्याशी बोलाल त्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं आहे.

संध्याकाळी काकूंच्या घरी पोहोचले. भूकंपानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली, त्यातलंच हे एक. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात. जुन्या गावातल्या बोळांची सवय असलेल्या बायकांना पहिली काही वर्षं शेजारणीची हाकही ऐकू यायची नाही, असं काकू म्हणाल्या. घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली : भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. “ढिगाऱ्याखाली समदे सारखेच होते,” काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “घरं देताना मातर शेत मोजलं.” ताटात भाकरी, शेंगाची चटणी, चुक्याची भाजी. रात्री दोन वाकळा पांघरूनही पाय गार पडले होते.

दुसरा दिवस, शुक्रवार : येळवस

मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडे दिवाळीइतकी मोठी. कागदोपत्री वेळ अमावस्या, बोलताना येळवस. पहाटे चारलाच घरात चूल आणि गॅस दोन्ही पेटले होते. दहापर्यंत गाव रिकामं. जो तो शेताकडे. काकूंच्या डोक्यावर आंबिलाची बिंदगी, मैत्रिणीच्या डोक्यावर टोपलं. माझ्याकडे पाण्याची कळशी दिली. “हळू चाल, सांडलं तर सांडू दे,” काकू म्हणाल्या.

शेतात कडब्याची कोप उभी केलेली. आत पाच दगड चुना लावून मांडलेले, ते पांडव. पूजा झाली आणि मग ‘ओलगे, ओलगे’ म्हणत घरातल्या मुलानं पिकावरून आंबील शिंपडत रानाला फेरी घातली. याला चर शिंपणं म्हणतात. ज्वारी जेमतेम कमरेला लागत होती. हुरड्याला अजून महिना तरी होता. तरी शिंपडताना त्या मुलानं एक कोपरा सोडला नाही.

आणि ती भज्जी! पुण्यामुंबईकडच्या वाचकांनी कांदाभजी डोळ्यांसमोर आणू नये. ही पातळसर भाजी. हिरव्या तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, ओला हरभरा, शेंगदाणे, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, चिंचेचा कोळ, आणि घट्ट यावी म्हणून डाळीचं पीठ. सोबत सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताक-लसणाचं आंबट आंबील. वर कास्ती कोथिंबीर. या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तिच्या वासानं पंगतीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या, असं लिहिलं तर अतिशयोक्ती नाही.

रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं, हा या दिवसाचा रिवाज. आमच्या पंगतीत एक एसटीचा वाहक, दोन मोटारसायकलवाले आणि मेंढरं घेऊन चाललेलं एक कुटुंब जेवून गेलं. ओळख कुणी विचारली नाही. तुम्हाला जायचं असेल तर मुद्दाम याच दिवशी जा. लातूर शहरात मात्र त्या दिवशी हॉटेल, रिक्षा, दुकान, काहीही मिळेल याची खात्री धरू नका. आणि शेतात जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

जेवणं झाल्यावर काकूंनी त्यांचा एकर दाखवला. अख्ख्या शेतातला हा एक एकर त्यांच्या एकटीच्या मर्जीचा. त्यात ज्वारी, हरभरा, करडई, जवस, भाज्या, कडेला शेवगा आणि गिरीपुष्प. रासायनिक खत नाही. गांडूळखताचा बेड चिंचेखाली, दशपर्णीचा, म्हणजे पाल्यापासून केलेल्या कीडनाशकाचा ड्रम त्याच्या शेजारी. घरचं बी घरच्याच डब्यांत, राख लावून. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं या भागातल्या बायकांबरोबर एक एकराची ही शेती रुजवली. सोयाबीन आणि ऊस बाजाराला, हा एकर घरच्या ताटाला. “मालकाला म्हणलं, बाकीचं रान तुमचं. पर ह्या एकरात काय पेरायचं ते मी ठरविनार.” काकांनी तेव्हा काय म्हटलं, असं मी विचारलं. काका शेजारीच कडब्यावर बसले होते. म्हणाले, “पयल्या साली हसलो. दुष्काळात तिच्याच एकराचं खाल्लं.”

दुष्काळ म्हणजे २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत १० टाक्या, ५ लाख लिटर. पुढे ५० टाक्यांची गाडी यायला लागली. त्या उन्हाळ्यानंतर या बायकांनी गावात घरोघरी शोषखड्डे घेतले, बांधाला समतल चर खणले, आणि जुन्या गावठाणाच्या मोकळ्या जागेत लिंब-चिंच लावून टँकरच्या उरलेल्या पाण्यावर जगवल्या. जिथं घरं पडली तिथंच झाडं का, असं मी विचारलं नाही. काकू स्वतःच म्हणाल्या, “तिथं कुनी घर बांधनार नाही. मग मोकळं कशाला ठेवायचं? माजी सासू तिथंच हाय.”

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून पिकावरून ओवाळली. अंधारात आजूबाजूच्या सगळ्या रानांतून असे जाळ फिरत होते.

तिसरा दिवस, शनिवार : नळदुर्ग आणि यादी

सकाळी नळदुर्गचा किल्ला पाहिला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल बघायला हवाच. नर-मादी धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यात या, डिसेंबरात ते नसतात. टोपी आणि पाणी सोबत ठेवा, आत चालणं भरपूर आहे. दुपारपर्यंत परत आलो, कारण मला संध्याकाळची बैठक चुकवायची नव्हती.

काकूंच्या ओसरीवर वीस-बावीस बायका जमल्या. साठी ओलांडलेल्या पाच-सहा, बाकी त्यांच्या सुना-लेकी. उद्या टेम्पोत काय जाणार, याची यादी करायची होती. मी उत्साहानं म्हटलं, “पुण्यात आमच्या सोसायटीत बरेच कपडे गोळा करता येतील, पुढच्या वेळी पाठवू का?”

कुणी काही बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, “कपडे नको बाई.”

१९९३ साली मी आठ वर्षांची होते. आमच्या वाड्यातून किल्लारीसाठी कपड्यांचं गाठोडं गेलं होतं. आईच्या दोन विरलेल्या साड्या, बाबांचे शर्ट, माझे आखूड झालेले फ्रॉक. ते बांधताना मी हात लावला होता आणि कितीतरी दिवस मला त्याचं समाधान वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं.

काकूंनी माझा हात धरला. मग सांगू लागल्या. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते, माणसापेक्षा उंच. पाऊस चालू होता. भिजले, कुजले, त्यावर जनावरं बसायची. थंडीत शेकोटीला लागले. “तुमच्या मनात वाईट नव्हतं. पर आमाला तवा काय पायजे ते इचारायला कुनी थांबलं नाही. आमाला चूल पेटवायला काडेपेटी नव्हती बाई. जनावराला वैरन नव्हती. आंग धुवायला आडोसा नव्हता.” दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, “एक लाल स्वेटर मातर माज्या पोरीला बसला. दोन हिवाळे घातला तिनं.” आमच्या गाठोड्यात स्वेटर नव्हता. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणूनच सप्टेंबरात पूर आला तेव्हा या बायकांनी आधी माणूस पाठवला, मग सामान. दोघी-तिघी जाऊन विचारून आल्या. पहिल्या आठवड्यात गेल्या भाकऱ्या, घरटी दहा, आणि लसणाची चटणी. मग काडेपेट्या, मेणबत्त्या, सतरंज्या, नवे आतले कपडे, बायकांसाठी पॅड. मग फावडी, घमेली, खराटे, ब्लिचिंग पावडर. मग कडबा, ट्रॅक्टरनं. मग घरच्या डब्यांतलं बियाणं : हरभरा, ज्वारी, करडई. आणि या सगळ्याबरोबर एक गोष्ट जी कुठल्या यादीत नसते. कागद. पंचनाम्यात आपलं नाव आलं का, सातबारा कुणाच्या नावावर, बँकेचं खातं आधारला जोडलंय का, हे घरोघर बसून बघणं.

हे त्या शिकल्या कुठे? भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात दोन्ही जिल्ह्यांच्या हजारावर गावांत महिला मंडळातल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ केलं होतं. प्रेमा गोपालन आणि त्यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, वर काँक्रीटचा पट्टा का लागतो, अनुदानाचा हप्ता कुठे अडला, हे घरोघर समजावून सांगायचं काम. काकू त्यातल्या एक. तोवर त्या एकट्या लातूरलाही गेल्या नव्हत्या. २००१ मध्ये २६ जानेवारीला भूज हादरलं तेव्हा इथल्या बायका कच्छला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूला. “भाषा येत नव्हती,” काकू सांगत होत्या. “कच्छच्या एका बाईजवळ जाऊन बसले. तिनं पडलेलं घर दावलं. मी माजा हात दावला, इथं मोडलेला. मग ती रडली. मग आमी दोघींनी चहा केला.”

यादी रात्री अकराला पूर्ण झाली. यातली सर्वात तरुण सून मोबाईलवर टाईप करत होती आणि सासवा तिला दोनदा वाचून दाखवायला लावत होत्या.

चौथा दिवस, रविवार : सीनाकाठ

पहाटे पाचला टेम्पो आणि एक जीप. तुळजापूर, धाराशिव, बार्शी करत परंडा. वाटेत बार्शीला चहा. टेम्पोत कडबा, कुदळी, रोपवाटिकेच्या पिशव्या, आणि मधोमध कपड्यात बांधलेलं एक मोठं पातेलं आणि आंबिलाची बिंदगी. त्या बाजूला येळवशीचा एवढा रिवाज नाही. पण ज्यांच्या रानात यंदा शिंपडायला पीकच नव्हतं त्यांना भज्जी खाऊ घालायची, असं बायकांनी ठरवलं होतं. दोन वाजता उठून पुन्हा सगळं ताजं रांधलं होतं.

सीना नदी त्या दिवशी इतकी लहान दिसत होती की विश्वास बसेना. काठावरच्या बाभळीत, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, प्लास्टिक आणि वाळलेलं गवत अडकलेलं होतं. तिथवर पाणी होतं. या तालुक्यात सप्टेंबरात माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली होती. आता घरं झाडून-सारवून झाली होती, भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ तेवढी राहिली होती.

शेत मात्र पाहवत नव्हतं. काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. एका ठिकाणी बांधापासून खाली दीड हात खोल खड्डा. सरकारनं ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, अशी तरतूद सांगितली गेली. शेताचे मालक, पन्नाशीचे दादा, माझ्याशी शांतपणे बोलत होते. “पैसे येतील, नाही येतील. पर ही माती माज्या आज्यानं शेणखत घालून घालून केली होती. ती कुठून आनू?” तलावातला गाळ आणून टाकणं हा एक उपाय, आणि त्यांनी थोडा टाकलाही होता. पण गाळाची जमीन व्हायला काही वर्षं जावी लागतात.

काम लगेच सुरू झालं. पुरुष आणि तरुण मुली बांधाला दगड लावत होत्या. बाकीच्या सावलीत बसून पिशव्या भरत होत्या : बाभूळ, चिंच, सीताफळ, शेवगा. जूनपर्यंत रोपं तयार होतील, मग काठाला लावायची. त्या दादांनीच दाखवलं, जिथं काठावर जुन्या बाभळी आणि करंज दाट उभे होते तिथला तुकडा वाचला होता. झाडं तोडून काठापर्यंत नांगर नेला होता तिथंच नदी आत घुसली. कुणी कुणाला दोष देत नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, “आता काठाचं दोन वावभर नदीला सोडा दादा. ती घेनारच हाय.” दादांनी मान हलवली.

मी चाळीस पिशव्या भरल्या. नखांत माती गेली ती पुण्याला येईपर्यंत निघाली नाही.

पूरग्रस्त गावात मदतीला जायचं मनात असेल तर : आधी फोन करून काय हवं ते विचारा. जेवण आपलं आपण न्या, त्यांच्यावर पाहुणचाराचा भार नको. पडलेल्या घरासमोर सेल्फी काढू नका. आणि तीन महिन्यांनी जा. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. परतीसाठी परंड्याहून कुर्डुवाडी जंक्शन सोयीचं आहे. वेळ हाताशी असेल तर डोमगावला सीनाकाठी समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांची समाधी आहे, तिथं टेका.

दुपारी देवळाच्या मंडपात पंगत बसली. भज्जी बघून एका छोट्या मुलानं विचारलं, “हे काय हाय?” त्याच्या आईनं त्याला गप्प केलं आणि स्वतः दोनदा मागून घेतली. आंबील पिताना कुणाचं तोंड आंबटलं, त्यावर हसूही आलं. देवळात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज आला, असं तिथले पुजारी आजोबा म्हणाले.

निघताना एक वहिनी पातेलं घासून घेऊन आल्या. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, ते मला माहीत होतं, आणि त्यांच्या घरात द्यायला काय असेल या विचारानं मी खाली बघत उभी राहिले. काकूंनी झाकण काढलं. आत हरभऱ्याचा कोवळा पाला होता, ओल्या फडक्यात. याच बायकांनी ऑक्टोबरात दिलेल्या बियाण्याचा. घराजवळच्या चार गुंठ्यांत तेवढाच उगवला होता, आणि त्याचे पहिले शेंडे त्यांनी सकाळी खुडून ठेवले होते.

काकूंनी तो पाला जीपमध्ये सगळ्यांना थोडा थोडा वाटला. तसाच कच्चा खाल्ला. कुर्डुवाडी येईपर्यंत बोटांना त्याची आंब चिकटून होती.